सटवाजीमामांचं सव्वानऊ

ताडकळसच्या पंचक्रोशीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे आणि त्या प्रयोगशाळेत सटवाजीमामा आहेत. महाविद्यालयाचं नाव इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तरी आसपासच्या माणसानं "म्हंजे सटवाजीमामाचं कॉलेज का?" असंच विचारलं असतं. कागदोपत्री मामांचा हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे काचेची भांडी धुवायची, द्रावणं तयार करून ठेवायची आणि पोरांचे प्रयोग चालू असताना मागं उभं राहायचं. एकतीस वर्षं मामा मागंच उभे राहिले, पण प्रयोगशाळा चालायची ती त्यांच्या तालावर. प्राचार्य पाच बदलले, मास्तर किती आले-गेले त्याची गणती नाही, मामा तिथंच.

शिक्षण नववी. दहावीला बसले होते, पण गणितानं उठवलं. त्याचं मामांना कधी वाईट वाटलं नाही, कारण ब्युरेट हातात आली आणि गणिताची गरजच संपली, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

ब्युरेट म्हणजे रेघा मारलेली लांब काचेची नळी, खाली तोटी. स्टँडला ती उभी अडकवायची, वरून जांभळंगर्द परमँगनेट भरायचं आणि खालच्या शंकुपात्रातल्या गरम आम्लात थेंबथेंब सोडत राहायचं. पात्रात रंग येतो आणि जातो, पुन्हा येतो आणि जातो, आणि मग एका थेंबाला फिका गुलाबी येऊन टिकतो. तिथंच तोटी बंद करायची आणि नळीवर आकडा वाचायचा. बारावीच्या प्रात्यक्षिकात सगळ्यात जास्त मार्क ह्या एका थेंबाला असतात. पोरं नेमकी त्याच थेंबाला चुकतात, चार थेंब जास्त सोडतात आणि पात्रात रंगपंचमी करून ठेवतात.

ह्यावर मामांनी आपला उपाय काढला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळे गेले की ते स्वतः एकदा प्रयोग करून बघायचे. त्यांचा हात असा बसलेला होता की तोटी अर्ध्या थेंबावर थांबवायचे. आलेला आकडा डोक्यात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या मागून फडकं मारत जाता जाता, कुणाकडंही न बघता, हळूच म्हणायचं, "सव्वाआठ." कधी "पावणेनऊ." कधी "साडेधा." ह्याला कॉपी म्हणतात हे मामांना मान्य नव्हतं. "पोरांनी दोन वर्षात चारदा नळी धरलेली असती," ते म्हणायचे. "त्याच्यात त्यायची काय चूक?"

आणि एकतीस वर्षांत हे कधी उघडकीला आलं नाही, ह्याचं कारण मोठं गमतीचं होतं. मामा म्हणायचे सव्वाआठ. पोरांना ते जसं कळेल तसं पोरं लिहायची. कुणी आठ पॉइंट दोन, कुणी आठ पॉइंट तीन, कुणी नुसतं आठ, आणि एका पठ्ठ्यानं तर आठ लिहून पुढं पावाचा अपूर्णांक काढला होता. आकडे असे विखुरलेले दिसायचे की बाहेरगावच्या परीक्षकाला वाटायचं, पोरांनी खरंच प्रयोग केलाय. निष्काळजीपणानं दरवर्षी सगळ्यांची लाज राखली.

मग मनिषा मॅडम आल्या.

मॅडम परभणीच्या. रोज एसटीनं यायच्या, शिक्षण सेवक म्हणून लागल्या होत्या. म्हणजे तीन वर्षं नीट काढायची, मग नोकरी कायम. अंगानं किरकोळ, आवाजही बेताचा, पण एका गोष्टीवर कुणाचं ऐकायच्या नाहीत. ती गोष्ट म्हणजे सार्थ अंक. मोजताना जेवढे अंक आपल्याला खरोखर कळले तेवढेच लिहायचे, एक कमी नाही की एक जास्त नाही. पोरांच्या वह्यांत मोबाइलवर भागाकार करून शून्य पॉइंट शून्य दोन एक सहा दोन एक सहा दोन असं मालगाडीएवढं उत्तर यायचं. मॅडम इंजिनाजवळचे तेवढे डबे ठेवून बाकीच्यावर लाल रेघ ओढायच्या आणि अर्धा मार्क कापायच्या.

"नळीवर तू दोन अंक वाचलेस," त्या विचारायच्या, "मग उत्तरात सात कुठून आणलेस?"

"मोबाइलनं दिले मॅडम."

"मोबाइल प्रयोगाला हजर होता का?"

सहा महिन्यांत त्यांचं नाव अर्धामार्क मॅडम पडलं. ते नाव मामांनीच पाडलं अशी एक बातमी होती, आणि मामांनी ती कधी खोडून काढली नाही.

कारण मामांचा आणि त्यांचा पहिल्याच आठवड्यात खटका उडाला होता. बाटलीवर लावायच्या चिठ्ठीवर मामांनी लिहिलं होतं, २५ मिली. मॅडमनी विचारलं, २५ की २५.०?

"पंचवीस म्हंजे पंचवीस मॅडम," मामा म्हणाले. "त्याच्या म्होरं टिंब देऊन शून्य काढलं तर पाणी वाढतंय का?"

"पाणी नाही वाढत मामा. खात्री वाढते."

"खात्री माझी हाय ना. मी मोजलंय."

"कशानं मोजलंत?"

"ह्या बीकरनं."

"मग शून्य लिहायचं नाही. बीकरच्या रेघांवर तेवढा भरवसा नाही. पिपेटनं मोजलं असतं तर लिहिता आलं असतं."

मामांना राग आला. इतक्या वर्षांत बीकरची आणि पिपेटची इज्जत अशी वेगवेगळी कुणी काढली नव्हती. दोन्ही भांडी ते एकाच साबणानं धूत आले होते. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, बायनाबाईला, सगळं सांगितलं. "शून्याला किंमत हाय म्हणायलीय ती बाई," ते म्हणाले.

"मग तुमालाबी आसंल की," बायनाबाई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

पण राग एकीकडं आणि कान एकीकडं. मॅडम वर्गात शिकवायला लागल्या की मामांचं फडकं मागच्या बाकावर उगीच जास्त वेळ फिरायचं. एकदा मॅडम म्हणाल्या, "लक्षात ठेवा, शेवटचा अंक अंदाजाचा असतो. त्याच्या आधीचे सगळे पक्के. आणि त्या अंदाजाच्या पुढं एक जरी अंक लिहिलात तर तिथून पुढं तुम्ही खोटं बोलताय." हे वाक्य मामांना टोचलं. शून्याची भानगड एक वेळ चालेल, पण खोटं हा शब्द प्रयोगशाळेत आजवर कुणी काढला नव्हता. ते वाक्य मामा दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले आणि तिसऱ्या दिवशी बायनाबाईला म्हणाले, "चहात साखर किती टाकलीस?"

"टाकली तेवढी."

"तसं न्हाई. अंक सांग."

"गोड झालाय का? मग प्या गुमान."

हळूहळू मामांना मॅडम आवडायला लागल्या, हे खरंच आहे. मॅडम त्यांना आपल्या डब्यातलं द्यायच्या, काही अडलं तर "मामा, तुमच्या हाताला किती आलं?" असं विचारायच्या. मामांच्या हाताला विचारणारा मास्तर त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. जूनमध्ये मॅडमची तीन वर्षं भरणार होती. कायम झाल्या की ताडकळसला खोली घेऊन आईला आणणार होत्या. मामा मे अखेर निवृत्त होणार होते. खोली बघून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक गंगाखेडचे भागवत सर. उंच, सावकाश बोलणारे, खिशात दोन चष्मे, एक लांबचा आणि एक जवळचा. आदल्या संध्याकाळी मामांनी रिवाजाप्रमाणे प्रयोग करून पाहिला. जांभळं पाणी नऊच्या पुढं दोनच्या रेघेवर, कदाचित केसभर पुढं. नऊ पॉइंट दोन. मामांच्या डोक्यात त्याची नोंद झाली ती मात्र आपल्या नेहमीच्या भाषेत, सव्वानऊ.

सकाळी बावीस पोरांची बॅच आत आली. दारात भागवत सर, खिडकीशी मॅडम. पहिल्या टेबलावर पालमकडून येणारी राजेश्री होती. अभ्यासात बरी, पण परीक्षा म्हटलं की हात लटलटायचे. तिनं तोटी उघडली ती एवढी की पात्रात एकदम जांभळं झालं आणि तिचे डोळे भरून आले. मामांना राहवलं नाही. फडकं मारत तिच्या मागून गेले आणि म्हणाले, "सव्वानऊ."

राजेश्रीनं ते शेजारच्या गोपाळला सांगितलं, गोपाळनं पुढच्याला. तिसऱ्या टेबलावर गाडी अडली.

"सव्वा म्हंजे पॉइंट किती?"

"पॉइंट पंचवीस. मॅडमनी सांगितलंय, अर्धवट लिहायचं न्हाई. पुरते अंक लिही."

इथंच घात झाला. मागच्या कुठल्याही वर्षीच्या पोरांनी कुणी दोन, कुणी तीन लिहून वेळ मारून नेली असती. पण मॅडमकडं बारावी ह्याच वर्षी पहिल्यांदा आली होती आणि ह्या बॅचला त्यांनी दोन वर्षं एकेका अंकाची किंमत शिकवली होती. त्या शिकवणीचा पहिला उपयोग पोरांनी हा केला. बावीस जणांनी, प्रत्येकी तीन वाचनं, सहासष्ट ठिकाणी, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ९.२५.

भागवत सरांनी पहिली उत्तरपत्रिका पाहिली. दुसरी पाहिली. पाचवीला त्यांनी चष्मा बदलला. दहावीला दुसरा चष्मा काढून पहिला लावला. मग ते उठले आणि एकेका टेबलाजवळून हिंडून आले. दोघांच्या पात्रात गर्द जांभळं होतं. आणि महारुद्र नावाच्या एका विद्यार्थ्याची ब्युरेट शून्यापर्यंत तुडुंब भरलेली होती, तोटी उघडलेलीच नव्हती, आणि कागदावर तीनदा ९.२५ होतं.

"मॅडम," भागवत सर म्हणाले, "ह्या नळीवर दोनची रेघ आहे, तीनची रेघ आहे. मधली पाचाची रेघ मला जरा दाखवता का?"

मॅडम जवळ आल्या, कागद पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मधला अर्धा भाग डोळ्यानं अंदाजता येतो," सर म्हणाले, "एखाद्याला. बावीस जणांना सहासष्ट वेळा नाही." मग ते पोरांकडं वळले. "हा आकडा कुणी सांगितला?"

बावीसच्या बावीस गप्प. कुणी मामांकडं बघितलंसुद्धा नाही. मामांना आधी पोरांचं कौतुक वाटलं, आणि लगेच मागोमाग लाज वाटली.

"ठीक आहे," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "मग मला आतल्या परीक्षकांच्या नावानं अहवाल द्यावा लागेल. मॅडम, आतल्या परीक्षक तुम्हीच ना?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "पण सर, मी सांगितलं नाही."

"तुम्ही नाही तर कुणी, एवढंच लिहायचं आहे मला."

मामा नळाखाली पात्र विसळत होते. पात्र कधीच स्वच्छ झालं होतं, ते विसळत राहिले. तीन महिने राहिले होते. एकतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक साधा मेमो नव्हता. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली की माणूस घरी जातो, कागद ऑफिसातच बसून राहतात, हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. आणि तिकडं मॅडम टेबलाची कड धरून उभ्या होत्या. शिक्षण सेवकाच्या नावावर असला अहवाल गेला तर जूनमध्ये काय होतं, हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. दोन वर्षं जी बाई शेवटच्या अंकासाठी पोरांशी भांडली, तिच्याच नावावर सहासष्ट खोटे आकडे चढणार होते. मामांना ते सहन होईना.

त्यांनी नळ बंद केला. "मी सांगितलं," ते म्हणाले.

राजेश्री अर्धवट उठली. मामांनी तिला हातानंच बस म्हणून खूण केली.

"तुम्ही?" भागवत सरांनी लांबचा चष्मा लावला. "काय सांगितलं?"

"सव्वानऊ."

"म्हणजे नऊ पॉइंट पंचवीस."

"न्हाई सर. सव्वानऊ."

"अहो, तेच ते. सव्वा म्हणजे वर पाव."

"ते हिशोबात," मामा म्हणाले. "आमच्या बोलण्यात सव्वा म्हंजे वर थोडं. सव्वानऊची एसटी नऊ बाराला आली तर तिला कुणी परत पाठवतंय का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. भागवत सर हसले नाहीत, पण त्यांना हसू आवरायला वेळ लागला हे सगळ्यांना दिसलं. "आणि हे तुम्ही ह्याच वर्षी केलं?"

"दरसाल करतो. मॅडमला ठावं न्हाई. त्यायला ठावं आसतं तर त्यायनी मला दारात उभं केलं नसतं."

"बरं. मग खरा आकडा किती?"

"नऊ पॉइंट दोन."

"दोनच्या पुढं?"

मामा थांबले. एकतीस वर्षांत ह्या खोलीत त्यांना कुठलीही गोष्ट माहीत नाही असं झालं नव्हतं. कुठल्या बाटलीत काय, कुठल्या पोराचा बाप कोण, कुठल्या मास्तरचा हात कापतो, सगळं तोंडपाठ. माहीत नसलं तरी ते काहीतरी सांगायचे, आणि लोक खरं धरायचे. आताही सांगता आलं असतं. केसभर पुढं होतं, एक म्हणा, दोन म्हणा.

"दोनच्या म्होरं मला म्हाईत न्हाई," मामा म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "दोनबी तसा अंदाजाचाच हाय. नऊ तेवढं पक्कं."

मॅडमनी मान वर केली. दोन वर्षं फळ्यावर लिहून जे बावीस जणांच्या डोक्यात गेलं नव्हतं, ते नववी पास माणूस फडकं हातात धरून नीट सांगत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

भागवत सरांनी कागद पुढं केला. मामांनी जबाब लिहून दिला. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या. मॅडमचं नाव अहवालात येणार नाही, सर म्हणाले, मामांचा जबाब प्राचार्यांकडं जाईल आणि पुढं काय करायचं ते संस्था ठरवेल. सगळ्या उत्तरपत्रिका बाद. दुपारी बॅच पुन्हा बसेल, आणि तोवर प्रयोगशाळेच्या किल्ल्या मामांनी मॅडमकडं द्यायच्या. मामांनी कमरेचा जुडगा सोडला. कमरेला एकदम हलकं लागलं, ते काही चांगलं वाटलं नाही.

"मामा, तुम्ही बोलला नसतात तरी..." किल्ल्या घेताना मॅडम म्हणाल्या.

"तुमी लई आकडे बगू नका आता," मामा म्हणाले. "जाऊन पोरं बगा. महारुद्रला तोटी उघडायला सांगा आधी."

दुपारी दार आतून लागलं. मामा बाहेर खिडकीखालच्या ओट्यावर बसले. ह्या वेळी प्रयोगशाळेच्या बाहेर बसायची त्यांना सवय नव्हती. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते फडक्याची घडी घालत आणि मोडत राहिले. आतून काचेचा किणकिणाट येत होता. कुणीतरी "गेलं, गेलं, जास्त गेलं" म्हणून हळहळलं. पहिल्या टेबलाला खिडकी लागूनच होती. मामांनी बघायचं नाही असं ठरवलं आणि दोन मिनिटांनी बघितलं.

राजेश्रीचं पहिलं पात्र जांभळं झालेलं होतं. ते तिनं बाजूला ठेवलं होतं आणि दुसरं घेतलं होतं. तोटी आता ती दोन बोटांनी धरत होती, थेंब सुटा पडत होता. रंग आला, गेला. आला, गेला. मग एका थेंबाला तो आला आणि जरा रेंगाळला. राजेश्रीनं तोटी बंद केली. पात्र उजेडाला धरलं, खिडकीकडं वळली आणि ओट्यावर मामा दिसले तशी सवयीनं पुटपुटली, "मामा, झालं का हे?"

झालं नव्हतं. तो रेंगाळलेला रंग जाणार होता, अजून एखादा थेंब तरी लागणार होता. मामांची नजर अजून शाबूत होती, हा गुलाबी त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळला असता. एक शब्द पुरे होता. तो त्यांच्या जिभेवर येऊन बसला होता.

"मला हितून दिसत न्हाई गं," मामा म्हणाले. "तुझं तू बग."

आणि तिनं पुन्हा विचारू नये म्हणून ते ओट्यावरच वळून, खिडकीकडं पाठ करून बसले.